जस्त झिजतं, म्हणून पंखा टिकतो

सालवडला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत जस्ताचा थर चढवलेले पत्रे तयार होतात. तिथून जवळच, मुरबे-सातपाटीच्या किनाऱ्यावर, बोटीच्या पंख्याजवळ आणि सुकाणूवर जस्ताची प्लेट बसवतात. पत्रा असो की पंखा, शास्त्र एकच. जूनमध्ये मासेमारी थांबून बोटी वर ओढल्या की या प्लेटा नीट पाहता येतात. त्यांच्याबद्दलचे काही समज मात्र महागात पडतात.

गैरसमज : जस्त लवकर झिजलं, म्हणजे माल हलका.
वस्तुस्थिती : झिजणं हेच त्याचं काम. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की बॅटरीसारखा प्रवाह सुरू होतो आणि अधिक क्रियाशील धातू विरघळतो. जस्त आधी जातं, म्हणून पंखा आणि शाफ्ट वाचतात. निम्मं झिजलं की बदलावं. वर्षभरात ते जसंच्या तसं राहिलं, तर जोडणी तपासा. काही आठवड्यांतच संपलं, तर कुठली तरी वायर पाण्यात वीज सोडते आहे का, ते शोधा.

गैरसमज : रंग मारला की जस्त जास्त टिकतं.
वस्तुस्थिती : टिकतं, आणि पंखा जातो. रंगाखालच्या जस्ताला पाणी लागत नाही, त्यामुळे ते कामच करत नाही. तळ रंगवताना प्लेट झाकून घ्या. नवी बसवताना खालचा धातू घासून चकचकीत करा. पिवळा पंखा गुलाबी दिसू लागला, तर पितळेतलं जस्त विरघळू लागलं आहे, असं समजा.

गैरसमज : जितकं जास्त जस्त, तितकं बरं.
वस्तुस्थिती : लाकडी बोटीत हे उलटतं. गरजेपेक्षा जास्त जस्तामुळे वाचवलेल्या धातूभोवती अल्कली तयार होते आणि तिथलं लाकूड भुसभुशीत होतं. जास्त संरक्षणाचा दुसराही तोटा असतो. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे असाच आधी झिजणारा धातू जोडून वाचवले. पण तांबं विरघळायचं थांबताच तळाला समुद्री जीव चिकटू लागले.

गैरसमज : स्टेनलेसला गंज नाही.
वस्तुस्थिती : त्याचं संरक्षक आवरण टिकायला ऑक्सिजन लागतो. चिकटलेल्या कालवांखाली, बेअरिंगच्या आत पाणी साचून राहिलं की तिथे खड्डे पडतात. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ स्टील ३०४ पेक्षा जास्त तग धरतं, पण तेही पूर्ण सुरक्षित नाही.

गैरसमज : सहलीच्या बोटीचा बो थ्रस्टर अडला, म्हणजे मोटर जळाली.
वस्तुस्थिती : धक्क्याला लागताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बाजूला ढकलणारा हा आडवा पंखा शेकडो अँपिअर वीज खेचतो. म्हणून बटण दाबलेलं असताना मोटरपाशी व्होल्टेज मोजा. कमजोर बॅटरी किंवा सैल टर्मिनल तिथेच उघडं पडतं. मोटर फिरते पण जोर नाही, तर पंख्याची पिन तुटली असेल किंवा पंखा ज्या नळीत असतो तिच्यात कालवं भरली असतील. सलग चालवून मोटर तापवू नका. गिअरचं तेल दुधाळ झालं असेल, तर आत पाणी शिरलं आहे. याच नळीत एक छोटं जस्त असतं. ते डोळ्यांआड असल्यामुळे बदलायचं राहून जातं आणि मग गिअरचं कवच झिजतं.

बोट पुन्हा पाण्यात ढकलण्याआधी जुनं जस्त फेकू नका. नव्याशेजारी ठेवून बघा. वर्षभर तळाखाली काय चाललं होतं, ते त्याच्या झिजण्यात लिहिलेलं असतं.