वर वळलीत का खाली?

झाडांनाही 'व्हायरल' होतं! पण नुसतं बघून त्या व्हायरसचं नाव सांगता येतं का? आणि नाव कळून उपयोग तरी काय? बाल्कनीतल्या मिरचीपासून सुरू झालेला एक शोध...

शनिवारची सकाळ. आठवडाभराची डेडलाइन संपलेली, हातात कॉफीचा मग. बाल्कनीत गेले आणि मूडच गेला. चार महिने कौतुकाने वाढवलेली माझी मिरची पार आक्रसून गेली होती. पानं द्रोणासारखी वळलेली, नवीन पालवी नखाएवढी, फुलं गळून कुंडीत पडलेली. आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांचं शेत ते केवढं? तीन कुंड्या! त्यातलीच एक अशी गेली की जिवाला लागतं हो.

तडक नर्सरी गाठली. मोबाइलवरचा फोटो दाखवला. काउंटरवरच्या माणसाने दोन सेकंद पाहिलं आणि तीन बाटल्या समोर ठेवल्या. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, एक टॉनिक. बिल साडेसहाशे रुपये. दोन आठवडे इमानदारीत फवारलं. मिरची जैसे थे!

शेवटी जुन्नरकडच्या मामांना फोन लावला. त्यांचं सगळं आयुष्य टोमॅटो-मिरचीत गेलंय.

"मामा, माझ्या मिरचीची पानं वळलीत."

"वर वळलीत का खाली?"

मी गप्प. एवढं कुठे बघितलं होतं?

"खाली वळली असतील तर कोळी. वर वळली असतील तर फुलकिडे, नाहीतर मग व्हायरस. आणि व्हायरस असला तर बाटल्या कशाला आणल्यास गं?"

नर्सरीवाल्याला जो प्रश्न सुचला नाही, तो मामांनी पहिल्याच वाक्यात विचारला. आणि मग मी या विषयाच्या मागेच लागले.

नावात काय आहे? सगळंच!

शेतकऱ्यांनी रोगांना काय झकास नावं दिलीत बघा. मिरचीची पानं आक्रसली की 'बोकड्या' किंवा 'चुरडा-मुरडा'. भेंडीची पानं पिवळी पडली की 'केवडा'. जळगावकडे केळीच्या पानावर पट्टे उमटले की 'हरण्या'. पण ही सगळी नावं दिसण्यावरून पडलेली. दिसतं काय ते सांगणारी, केलं कोणी ते न सांगणारी. ताप आलाय एवढं कळलं, पण मलेरिया की डेंगी हे कुठे कळलं? तसंच हे.

झाडाला एकदा व्हायरस झाला की त्याला बरं करणारी फवारणी नाही. कुठल्याही दुकानात नाही, कितीही पैसे मोजले तरी नाही. हातात एकच गोष्ट उरते, तो शेजारच्या झाडावर जाऊ न देणं. आणि तो कशावर बसून जातो, हे त्याच्या नावावर ठरतं.

टोमॅटोचंच घ्या. लीफ कर्ल व्हायरस पांढऱ्या माशीवरून फिरतो. बड नेक्रोसिसचा व्हायरस फुलकिड्यांवरून. कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही, माव्यावरून. आणि टोमॅटो मोझॅक व्हायरसला तर किड्याची गरजच नाही. तो माणसाच्या हातावरून, कात्रीवरून, बियांवरून जातो. पीक एकच, गाड्या चार! चुकीच्या गाडीमागे धावलात तर पैसेही जाणार आणि पीकही.

मे २०२०: 'तिरंगा'

लॉकडाऊनचे दिवस आठवतायत ना? व्हायरस हा शब्द ऐकला तरी पोटात गोळा यायचा. नेमक्या त्याच वेळी पुणे, नगर, साताऱ्याकडच्या टोमॅटोवर एक विचित्र रोग आला. फळ एकसारखं पिकेच ना. एकाच टोमॅटोवर हिरवा, पिवळा, लाल असे डाग. लोकांनी नाव ठेवलं 'तिरंगा'.

झालं! टोमॅटोत नवा व्हायरस आलाय, खाल्ला तर माणसालाही होतो, अशा अफवा फोनाफोनी पसरल्या. आधीच बाजार बंद, त्यात ही भीती. मामांच्या दीड एकरातला माल निम्मा तोडलाच नाही. "रोगानं जेवढं खाल्लं त्याहून जास्त अफवेनं खाल्लं," असं ते अजूनही म्हणतात.

रोगट झाडांचे नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तपासणीत मुख्य आरोपी म्हणून नाव आलं ते जुन्याच खेळाडूचं, सीएमव्हीचं. नवा बिवा काही नाही. १९१६ साली अमेरिकेत काकडीवर पहिल्यांदा नोंदलेला, बाराशेच्या वर प्रकारच्या वनस्पतींवर जगणारा. आणि माणसाला? काहीही न करणारा. झाडांचे व्हायरस आपल्याला आजारी पाडत नाहीत. २००६ साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या विष्ठेतले आरएनए व्हायरस तपासले, तेव्हा सगळ्यात जास्त सापडला तो ढोबळी मिरचीवरचा एक व्हायरस! म्हणजे आपण ते खातो, पचवतो आणि मीटिंगला जातो.

पण नाव कळल्याचा खरा फायदा पुढे आहे. रोगट झाडाला सोंड लावल्यावर काही सेकंदांत सीएमव्ही माव्याच्या तोंडाला लागतो, आणि तितक्याच झटपट दुसऱ्या झाडात उतरतो. म्हणजे औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं! म्हणून इथे नुसत्या फवारणीने भागत नाही. रोपं जाळीच्या आत वाढवायची, चंदेरी मल्चिंग पेपर अंथरायचा म्हणजे मावा बिचकतो, आणि शेताच्या कडेने मका लावायचा. मावा आधी मक्यावर बसतो, तिथेच सोंड खुपसून बघतो आणि तोंडाचा व्हायरस तिथेच पुसला जातो. मामा आता दरवर्षी कडेने मका लावतात. औषधाचा खर्च कमी झालाय, हे ते हळूच सांगतात!

सीआयडी, लॅब एडिशन

मग हे नाव शोधतात कसं? टीव्हीवरच्या डॉ. साळुंखेंची लॅब डोळ्यांसमोर आणा, फक्त बॉडीच्या जागी पान ठेवा.

सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे खबऱ्या झाडं. रोगट पानाचा रस काढायचा आणि बारीक खरखरीत पावडर लावून निरोगी खबऱ्या झाडाच्या पानावर चोळायचा. थोड्या दिवसांत पानावर डाग उठतात आणि डागांच्या तऱ्हेवरून अंदाज बांधता येतो. जगभरच्या लॅब्जमधला एक लाडका खबऱ्या कोण माहितीये? किनोआ! हो, तोच, डाएटवाल्यांच्या सॅलडमधला. आपल्या चाकवताचा हा जवळचा नातेवाईक.

दुसरी पायरी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. तंबाखूचा मोझॅक व्हायरस म्हणजे सरळ काठी, लांबी ३०० नॅनोमीटर, म्हणजे अशा साडेतीन हजार काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. मिरचीच्या लीफ कर्लचा व्हायरस मात्र जुळा दिसतो, दोन गोळे एकमेकांना चिकटलेले. म्हणून त्याच्या कुळाचं नाव जेमिनी. आपली मिथुन रास!

तिसरी पायरी एलायझा. झाडांच्या व्हायरससाठी ही टेस्ट १९७७ पासून वापरात आली. ९६ खळगे असलेली छोटी प्लेट, त्यात पानांचा रस, आणि व्हायरसला ओळखून पकडणाऱ्या अँटिबॉडीज. व्हायरस असला की खळगा पिवळा होतो. स्वस्त आणि मस्त, एका फेरीत ढीगभर नमुने. चौथी पायरी पीसीआर, जी कोरोनाने आपल्या सगळ्यांना तोंडपाठ करून दिली. आणि अगदीच अनोळखी पाहुणा असेल तर त्याचा सगळा जनुकीय मजकूर वाचून काढायचा, म्हणजे सीक्वेन्सिंग.

पण सापडला म्हणजे तोच गुन्हेगार, असंही नाही. घटनास्थळी हजर असणं वेगळं आणि खून करणं वेगळं. म्हणून शक्य असेल तिथे तो व्हायरस निरोगी झाडाला देतात, तोच रोग होतो का ते पाहतात आणि त्या झाडातून पुन्हा तोच व्हायरस काढून दाखवतात. तेव्हा कुठे केस क्लोज!

खरं तर 'व्हायरस' ही कल्पनाच झाडांमुळे आपल्याला कळली. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने रोगट तंबाखूचा रस बॅक्टेरिया अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी रोग होतच राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने ठासून सांगितलं, हे काहीतरी वेगळंच आहे. पुढे डीएनएवाल्या रोझालिंड फ्रँकलिननेही याच व्हायरसची रचना उलगडण्यात आपली शेवटची वर्षं घातली. १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी त्याचं मोठं मॉडेलही केलं. प्रदर्शन सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी ती गेली. वय अवघं ३७.

आजार, पण सुंदर

आता एक धक्का. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ट्युलिपचं वेड लागलं होतं, ते आठवतंय? शेअर बाजारावर बोलताना सगळे त्याचं उदाहरण देतात. त्यातले सगळ्यात महाग ट्युलिप होते ज्वाळांसारखे पट्टे असलेले. लोक कांद्यांवर दौलत उधळत होते आणि १६३७ मध्ये फुगा फुटला. ते पट्टे कशाने पडायचे? व्हायरसने! पट्टे आले की कांदा वर्षागणिक खंगत जायचा. म्हणून तो दुर्मिळ, म्हणून महाग. हे संसर्गाचं प्रकरण आहे, हे १९२८ मध्ये इंग्लंडच्या डोरोथी केलीने दाखवून दिलं. तब्बल तीनशे वर्षं लोक आजाराला सौंदर्य समजत होते!

तुमच्या डेस्कवरच्या ऑर्किडलाही हे लागू आहे बरं का. ऑर्किडचे दोन नामचीन व्हायरस कात्रीवरून पसरतात. एक रोगट दांडी कापलेली कात्री तशीच दुसऱ्या झाडाला लावली, की झालं.

बाल्कनीवाल्यांसाठी चार फंडे

• आधी पान उलटून बघा. खालच्या बाजूला काही हलतंय का? पानं वर वळलीत का खाली?

• संशय आला की कुंडी बाजूला ठेवा. व्हायरसचीच लक्षणं असतील तर झाड उपटून पिशवीत बांधून टाका. त्याची फांदी लावू नका, बी धरू नका.

• कात्री प्रत्येक झाडानंतर साबणाने धुवा.

• सिगारेट ओढून थेट मिरची-टोमॅटोला हात लावू नका. तंबाखूचा मोझॅक व्हायरस वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो. आधी साबणाने हात धुवा.

माझ्या मिरचीचं पुढे काय झालं? पान उलटलं. कोळी नाही, फुलकिडे नाहीत, पण दोन-चार पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या. पानं वर वळलेली. मामांना व्हिडिओ कॉल केला.

"लॅबमध्ये दिल्याशिवाय नाव नाही सांगता यायचं. पण तुझ्याकडे अजून दोन कुंड्या आहेत ना? मग ही उपट."

उपटली. जीव थोडा कळवळला, पण उरलेल्या दोन कुंड्या अजून हिरव्यागार आहेत. आणि हो, त्या तीन बाटल्या तशाच पडून आहेत. कोणाला हव्यात?