चर्चच्या वह्यांतील कुलवृत्तांत

राजघराण्यांच्या वंशावळी दरबारी जपल्या जातात. शेतमजुराच्या पणजोबाचे नाव कोण टिपून ठेवणार? इंग्लंडमध्ये हे कार्य गावोगावच्या चर्चने केले. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली आज्ञा काढली, की प्रत्येक धर्मगुरूने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वहीत नोंद करावी. १५९८ पासून या नोंदींची वार्षिक नक्कल बिशपकडे जाऊ लागली. मूळ वही नष्ट झाली, तरी ही नक्कल पुष्कळदा शोधकाच्या साहाय्यास येते.

शोध जवळून दूर न्यावयाचा असतो. १८३७ पासूनचे सरकारी दाखले मिळतात. त्यापलीकडे या वह्यांचाच आधार. विवाहाची नोंद सापडली, की वधूवरांचा बाप्तिस्मा पाहावयाचा; तेथून आईबापांची नावे, मग त्यांचा विवाह, अशी एकेक पायरी मागे जाता येते. मात्र १७५२ पूर्वी तेथील वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जुन्या वहीतील १७०० चा फेब्रुवारी आजच्या गणनेने १७०१ चा ठरतो. शिवाय एकाच गावात एकाच नावाची दोन बालके आढळतात. त्यांपैकी एक शैशवातच दगावलेले असू शकते. दफनाची पाने न पाहता जोडलेली वंशावळ परक्याचे पूर्वज पदरात टाकते.

१७५३ च्या कायद्याने विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांची सही आवश्यक ठरली. निरक्षर माणूस तेथे फुली काढी. कित्येक कुटुंबांपाशी पूर्वजाच्या हातची तेवढीच खूण उरली आहे.