कर्करोगाचा माग काढणारी प्रतिपिंडे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु चारकोपहून परळच्या टाटा रुग्णालयात फेरतपासणीसाठी लोकलने ये-जा करणाऱ्या रुग्णाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : रोग आणखी कुठे पसरला तर नसेल? पसरलाच तर तो बहुधा यकृतात प्रथम जातो. तेथील गाठी थोड्या असताना सापडल्या, तर पुष्कळदा त्या कापून काढता येतात.

१९६५ साली मॉन्ट्रिअल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांना या कर्करोगाच्या पेशींत 'सीईए' नावाचे प्रथिन आढळले. या प्रथिनालाच जाऊन चिकटणारे प्रतिपिंड तयार करायचे, त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडायचे आणि शिरेतून सोडायचे. ते जेथे साचेल तेथे रोग आहे असे समजायचे! अमेरिकेत डेव्हिड गोल्डनबर्ग व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये, माणसाच्या आतड्याचा कर्करोग वाढवलेल्या हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांत हे करून दाखवले. १९७८ मध्ये त्यांनी रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला.

मग हे सर्रास का वापरले जात नाही? उंदराचे वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. टोचलेल्या औषधाचा मोठा वाटा गाठीला मिळतो. माणसाच्या साठ किलोंच्या देहात तोच वाटा नगण्य होतो. शिवाय उंदरात माणसाचे सीईए फक्त त्या गाठीतच असते, आपल्या निरोगी आतड्यातही ते थोडे असते. उंदरापासून बनवलेल्या प्रतिपिंडाला आपले शरीर परके मानते, ही आणखी एक अडचण. आणि गंमत पाहा, आयोडीनऐवजी इंडियम जोडले, की ज्या यकृतात शोध घ्यायचा तेच यकृत औषध शोषून घेते! अमेरिकेत १९९२ मध्ये 'ऑन्कोसिंट' व १९९६ मध्ये 'सीईए-स्कॅन' यांना परवानगी मिळाली. दोन्ही पुढे मागे पडली.

आज ही कामगिरी मुख्यतः सीटी स्कॅन व पेट स्कॅन पार पाडतात. परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली पेट सुरू झाले. त्यात प्रतिपिंड नसते, किरणोत्सर्गी साखर असते. तरीही प्रतिपिंडाची कल्पना संपलेली नाही. २००८ मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी त्याला चमकणारा रंग जोडून उंदरांतील बारीक गाठी उजळून दाखवल्या. शस्त्रक्रिया करतानाच सर्जनला रोग दिसावा, हा त्यामागील हेतू.

रुग्णाच्या हाती आज सीईएची साधी रक्तचाचणी आहे. शस्त्रक्रियेनंतर ती ठराविक काळाने करतात व आकडा चढत गेला तर पुढील शोध घेतात. निरोगी माणसाने मात्र ती हौसेने करून घेऊ नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही आकडा थोडा वाढलेला आढळतो.