इंटरकॉमची तार लांब नेताना

टीव्हीवर क्रिकेटचा सामना रंगात आलेला असतो तेव्हा मैदानाबाहेरच्या ओबी व्हॅनमध्ये दिग्दर्शकाच्या हाताशी बटणांची एक पट्टी असते. प्रत्येक बटणाला एक नाव: कॅमेरा २, रिप्ले, ग्राफिक्स, समालोचक. जे बटण दाबाल त्याच माणसाच्या कानात तुमचा आवाज जातो. या पट्टीला की-पॅनेल म्हणतात. आवाजाची जोडणी मात्र ती स्वतः करत नाही. ‘अमुक बटण दाबलं गेलं’ एवढा निरोप ती मॅट्रिक्स नावाच्या मध्यवर्ती यंत्राकडे पाठवते. मॅट्रिक्स आवाज जोडून देतं आणि बटणाखालचा दिवा पेटवण्याचा हुकूम उलट धाडतं. म्हणजे पॅनेलपर्यंत आवाज जातो तसा डेटाही जातो, आणि तार लांबवायची वेळ आली की बहुतेक वेळा आधी डेटाच रुसतो.

इंटरकॉम बनवणारी क्लिअर-कॉम ही कंपनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत रॉक मैफिलींच्या गरजेतून उभी राहिली. तेव्हाची पद्धत पार्टीलाइनची होती: एकाच तारेवर सगळे, एकाचं बोलणं सगळ्यांना. मॅट्रिक्स आलं आणि कोणी कोणाशी बोलायचं हे निवडता येऊ लागलं. आरटीएस या दुसऱ्या इंटरकॉम ब्रँडच्या पारंपरिक पॅनेलला तारांच्या तीन जोड्या लागतात: आवाज जाण्याची, आवाज येण्याची आणि आरएस-४८५ डेटाची. क्लिअर-कॉमच्या मॅट्रिक्स पॅनेलला चार, कारण तिथे आरएस-४२२ वर डेटाचं जाणं आणि येणं वेगळं असतं. शेजारचे संगणक आणि जुने कंट्रोल कीबोर्ड मात्र कित्येकदा आरएस-२३२ बोलतात.

आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक. १९६९ च्या ‘सी’ आवृत्तीत तारेची शिफारस साधारण १५ मीटरची होती. पुढच्या आवृत्त्यांनी मीटरऐवजी २५०० पिकोफॅरडची मर्यादा घातली, म्हणून चांगली केबल आणि कमी वेग असेल तर ते त्याहून लांब चालतं. पण लांबवण्यात खरी अडचण वेगळी आहे. इथे बिट ओळखला जातो तो एका तारेवरचा व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत किती आहे यावरून. उणे ३ व्होल्टच्या खाली असेल तर १, अधिक ३ च्या वर असेल तर ०. दोन खोल्या वेगळ्या फीडरवर असतील, एकीकडे डिमर रॅक आणि दुसरीकडे एसीचा कॉम्प्रेसर असेल, तर दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये काही व्होल्टचा फरक सहज पडतो. तो फरक थेट सिग्नलमध्ये मिसळतो.

आरएस-४२२ (१९७५) आणि आरएस-४८५ (१९८३) यांनी यावर सुंदर तोड काढली. पीळ दिलेल्या जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल जातो आणि रिसीव्हर फक्त त्यांच्यातला फरक बघतो. २०० मिलिव्होल्ट फरक दिसला तरी त्याला पुरतं. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, म्हणून तो वजा होतो. कमी वेगात १२०० मीटरपर्यंतची मजल इथून येते. सीरियल कन्व्हर्टर म्हणजे या दोन पद्धतींमधला दुभाषा: एका टोकाला २३२ चं ४२२ करायचं, दुसऱ्या टोकाला पुन्हा २३२.

मात्र १२०० चा आकडा वाचून कन्व्हर्टरचा डबा विकत घेणारे आणखी एक आकडा वाचत नाहीत. आरएस-४८५ चा रिसीव्हर त्याच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढंच सहन करतो. दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक याच्या बाहेर गेला तर डेटा बिघडतो, कधी चिपच जळते. माझं मत स्पष्ट आहे: अंतर नंतर मोजा, ग्राउंड आधी. केबलचं शील्ड दुसऱ्या टोकाला जोडण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवावा, एक प्रोब शील्डला आणि दुसरा तिथल्या रॅकच्या अर्थला लावावा. काटा हलला किंवा आकडा दिसला तर ऑप्टिकल आयसोलेशन असलेला कन्व्हर्टरच घ्यावा, आणि त्याचा वीजपुरवठाही आयसोलेटेड आहे ना, हे पाहावं. सिग्नल वेगळा केला आणि अडॅप्टरमधून ग्राउंड पुन्हा जोडलं गेलं, तर आयसोलेशनचे पैसे फुकट गेले.

बाकीच्या खोड्या ओळखीच्या. आरएस-४८५ लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन हवं, मध्ये कुठेही नको. ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत. सगळं बरोबर असूनही पॅनेल मुकं असेल तर आधी त्या दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात. आरएस-४८५ वर एकाच जोडीवरून आळीपाळीने बोलणं चालतं, तेव्हा कन्व्हर्टरने बोलून झाल्यावर लाइन सोडणं महत्त्वाचं. आपोआप दिशा बदलणाऱ्या डब्यावर बॉड रेटचा स्विच असेल आणि तो चुकीचा ठेवला, तर शेवटचा बाइट कापला जातो किंवा पॅनेलचं उत्तर अडतं.

वेळेचा हिशेब तर फारच कमी लोक करतात. १२०० मीटर तारेतून सिग्नल जायला जेमतेम ६ मायक्रोसेकंद लागतात. यूएसबीच्या अनेक कन्व्हर्टरमध्ये असलेली एफटीडीआयची चिप मात्र, ड्रायव्हरची सेटिंग बदलली नाही तर, थोडाफार डेटा १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवते. मॅट्रिक्स एकेका पॅनेलला ‘काही सांगायचंय का?’ असं विचारत फिरत असतं आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर त्याला गैरहजर धरतं. लांब तार निर्दोष असते, टेबलावरचा इवलासा डबा घात करतो. इथरनेटवरून सीरियल नेणाऱ्या सर्व्हरलाही हेच लागू. शिवाय आवाज एका वाटेने आणि डेटा दुसऱ्या वाटेने गेला की दिवा आधी पेटतो, बोलणं मागून येतं, आणि घाईच्या क्षणी बटण लगेच सोडलं तर दिग्दर्शकाचा शेवटचा शब्द गळतो.

म्हणून एका इमारतीत मजल्यामजल्यांमध्ये न्यायचं असेल तर मी आरएस-४२२ घेईन. दोन इमारतींमध्ये न्यायचं असेल तर फायबरचा कन्व्हर्टर, त्यातही धातूची तार नसलेली फायबर. आपल्याकडे मे महिन्यातल्या वळवात वीज जवळपास कुठेही पडली तरी तांब्याच्या लांब तारेवर सर्ज येतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं एकदम जातात. काचेला त्याचं काही नाही. गावाबाहेर किंवा परगावी न्यायचं असेल तर कन्व्हर्टरांची माळ लावू नये, सरळ आयपीवर चालणारं पॅनेल घ्यावं. एईएस६७ (२०१३) आल्यापासून आवाज नेटवर्कवर नेण्याची सामाईक पद्धतही उपलब्ध आहे.

जुनी पॅनेलं टाकून द्यावीत असं मात्र मला मुळीच वाटत नाही. मजबूत बटणांची, वर्षानुवर्षं चाललेली पॅनेलं दोन चांगल्या कन्व्हर्टरांवर अजून कित्येक वर्षं काम देतील. फक्त पोर्टमधूनच वीज उचलणारे स्वस्त कन्व्हर्टर कायमच्या जोडणीत वापरू नयेत, कारण प्रत्येक पोर्ट तेवढी वीज देईलच असं नाही. कन्व्हर्टरला स्वतःचा अडॅप्टर द्यावा, मॅट्रिक्सकडचा मॅट्रिक्सच्याच यूपीएसवर आणि पॅनेलकडचा पॅनेलच्या, आणि त्याची पिन केबल टायने बांधून ठेवावी.