शाळा सोडल्याचा दाखला

आपल्याकडे शाळा संपली की मुलाच्या हातात एक कागद पडतो. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण आणि सर्वांत शेवटी शेरा. वर्षानुवर्षं कारकुनाच्या एकाच वळणाच्या अक्षरात 'वर्तणूक चांगली' असं लिहिलेलं असतं. वर्गात सर्वांत मागे बसून खिडकीबाहेर बघणाऱ्याचीही वर्तणूक चांगली आणि आंतरशालेय शर्यतीत ढाल आणणाऱ्याचीही चांगलीच. पुढे त्या मुलाचं काय झालं, हे लिहायला त्या कागदावर रकाना नसतो.

केनियातल्या इटेन गावी सेंट पॅट्रिक्स हायस्कूल नावाची मुलांची कॅथलिक शाळा आहे. तिने हा रकाना आपल्या आवारात उघडला. इथून बाहेर पडलेल्या ज्या मुलांनी धावून जग जिंकलं, त्यांच्या नावांची झाडं शाळेत लावलेली आहेत. प्रत्येक झाडाजवळ नावाची पाटी. मधल्या सुट्टीत पोरं त्याच सावलीत बसतात.

इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी निम्मं कळसूबाई चढवायचं आणि तिथं शाळा बांधायची. गावाची एक बाजू तुटलेली. तिथून कडा सरळ केरिओच्या खोऱ्यात उतरतो. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असूनही पहाट गार असते. रस्ते तांबड्या मातीचे, आपल्या कोकणातल्यासारखे. उजाडता उजाडता त्यांवर धावणाऱ्यांचे घोळके दिसू लागतात आणि थोड्याच वेळात सगळ्यांच्या पोटऱ्या एकाच रंगाच्या होतात. गावाच्या वेशीवर कमान आहे: 'विजेत्यांचं घर'. एवढ्याशा गावानं स्वतःला इतकं मोठं नाव द्यावं, हे आधी जरा अतीच वाटतं. मग शाळेतली झाडं आठवतात आणि माणूस गप्प बसतो.

शाळा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीची, आयरिश मिशनऱ्यांनी काढलेली. पुढे ती पॅट्रिशियन ब्रदर्सच्या हाती आली. वांद्रे, माहीम किंवा पुण्याच्या कॅम्पातल्या मिशनच्या शाळांत शिकलेल्यांना 'ब्रदर' म्हणजे काय ते सांगायला नको: पांढऱ्या झग्यातला, पण मिस्सा न सांगणारा, लग्न न केलेला, आणि म्हणून चारशे पोरांचा बाप झालेला माणूस. पॅट्रिशियन ब्रदर्सच्या संघाची स्थापना 1808 मध्ये आयर्लंडमधल्या टलो गावी झाली. मसुरीचं सेंट जॉर्जेस कॉलेज त्यांचंच.

1976 मध्ये असाच एक ब्रदर इटेनला भूगोल शिकवायला आला. नाव कोलम ओ'कॉनेल. आला तो थोड्या काळासाठी, आणि राहिला तो कायमचाच. धावण्याचं प्रशिक्षण त्यानं कधी घेतलं नव्हतं, दिलंही नव्हतं. शाळेत तेव्हा पीटर फॉस्टर नावाचा इंग्रज शिक्षक मुलांना पळवायचा. 1976 च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवणाऱ्या ब्रेंडन फॉस्टरचा हा भाऊ. तो मायदेशी परतला आणि मैदान भूगोलाच्या मास्तराकडे आलं. शिक्षक कमी असले की आपल्या शाळांतही असंच होतं. चित्रकलेचे सर स्काउट घेतात.

ओ'कॉनेलकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणून तो बघत बसला. कोणता मुलगा टाच आधी टेकवतो, कोणाचे खांदे दमल्यावर वर चढतात, कोण मागे पडल्यावर चिडतो आणि कोण मागे पडूनही आपली लय सोडत नाही. मुलांनीच मला शिकवलं, असं तो पुढं वारंवार सांगत आला. हा विनय असेल, पण त्यात कामाची रीतही आहे. माहीत असलेला माणूस लगेच दुरुस्त करायला जातो. माहीत नसलेल्याला आधी नीट बघावं लागतं.

केनियाचे धावपटू इतके वेगवान का, यावर जगानं बरंच डोकं लढवलं आहे. विरळ हवा, त्यामुळे रक्तात वाढणाऱ्या लाल पेशी, लांब सडसडीत पाय, लहानपणापासून पायी शाळा, मक्याच्या पिठाचा उगाली. हा उगाली म्हणजे आपल्या उकडीचा घट्ट थोरला भाऊ, आणि सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. या सगळ्यात तथ्य आहे. पण हवा आणि उगाली त्या डोंगरावर सगळ्यांच्याच वाट्याला येतात. एका शाळेतून इतके जण निघाले, त्यामागे कोणीतरी रोज मैदानाच्या कडेला उभा होता, हेही कारण धरावं लागतं.

इथली बहुतेक मुलं कालेंजिन समाजातली, आणि त्यांची नावं म्हणजे जन्माच्या घटकेची नोंदच. किप्रोप पावसात जन्मलेला. किप्रोटिच गुरं घरी परतताना, म्हणजे आपल्या गोरजाच्या वेळी. किपकेटर ओसरीवर जन्मलेला. हजेरी घेताना पाऊस, गोरज आणि ओसरी एकामागून एक 'हजर' म्हणत असतील, तो वर्ग किती सुंदर असेल!

आता त्या झाडांच्या गोतावळ्यातल्या काहींचे दाखले पाहू.

पहिला इब्राहिम हुसेन. शाळा सोडण्याचे कारण: शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, न्यू मेक्सिको विद्यापीठात. 1987 मध्ये त्यानं न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. पुढच्या वर्षी बॉस्टनला तो आणि टांझानियाचा जुमा इकांगा शेवटच्या रस्त्यावर जवळजवळ खांद्याला खांदा लावून आले. बेचाळीस किलोमीटरनंतर दोघांत अंतर उरलं एका सेकंदाचं: 2 तास 8 मिनिटं 43 सेकंद आणि 44 सेकंद. बॉस्टन जिंकणारा हुसेन पहिला आफ्रिकी. 1991 आणि 1992 मध्ये तो पुन्हा जिंकला. त्यानंतर केनियाचा धावपटू बॉस्टनला पहिला आला, ही बातमी राहिली नाही. बातमी करणारा तो होता.

दुसरा पीटर रोनो. कारण: मेरीलँडमधलं माउंट सेंट मेरीज, तेही कॅथलिकच. 1988 चं सोल ऑलिंपिक, 1500 मीटरची अंतिम फेरी. मोरोक्कोचा सईद औईता दुखापतीमुळे नव्हता, तरी स्टीव्ह क्रॅम आणि पीटर एलियट होतेच. एकवीस वर्षांच्या रोनोवर कोणी पैज लावली नव्हती. तो पुढे गेला आणि पुढेच राहिला; वेळ 3 मिनिटं 35.96 सेकंद. एवढा मोठा विजय त्याला ना त्याआधी मिळाला होता, ना त्यानंतर मिळाला. आयुष्यात एकदाच फुलणारी झाडं असतात. पण शाळेनं त्याचं झाड लावताना पुढच्या बहराची अट घातली नाही.

तिसरा मॅथ्यू बिरिर. 1992, बार्सिलोना, तीन हजार मीटर स्टीपलचेस. अडथळे आणि पाण्याची डबकी ओलांडत धावायची ही शर्यत केनियानं तेव्हा आपल्या अंगणातली करून टाकली होती. त्या दिवशी पहिले तिघेही केनियाचे होते, आणि तिघांत पुढे बिरिर.

चौथा दाखला जरा जपून वाचावा लागतो. विल्सन किपकेटर, ओसरीवरचा. कारण: शिक्षणासाठी डेन्मार्क, 1990. तिथंच तो राहिला आणि त्या देशाकडून धावू लागला. 1995, 1997 आणि 1999 असा सलग तीनदा तो 800 मीटरचा जगज्जेता. पण 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी त्याचं डॅनिश नागरिकत्व पूर्ण झालेलं नव्हतं, आणि ऐन भरात असताना त्याचं ऑलिंपिक हुकलं. पुढच्या वर्षी, 24 ऑगस्ट 1997 ला कोलोन इथं त्यानं 1 मिनिट 41.11 सेकंदांचा विश्वविक्रम केला. सेबॅस्टियन कोचा 1981 चा विक्रम त्यानं त्याच उन्हाळ्यात आधी गाठला होता, मग मागं टाकला होता. 2000 मध्ये सिडनीला मात्र जर्मनीचा निल्स शूमान त्याच्यापुढे सहा शतांश सेकंदांनी गेला. 2004 मध्ये कांस्य. ऑलिंपिकचं सोनं त्याला मिळालं नाही. त्याच्या दाखल्यावर शेरा काय लिहायचा, हे मला तरी सुचत नाही. झाडानं हा प्रश्न टाळला आहे.

शाळा मुलांची होती, तरी ओ'कॉनेलचं मैदान केवळ मुलांचं राहिलं नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी त्यानं सुट्टीतली सराव शिबिरं सुरू केली आणि त्यांत मुलीही आल्या. 2007 मध्ये 800 मीटरची जगज्जेती ठरलेली जेनेथ जेपकोस्गेई त्याच्याच तालमीतली. मास्तर पुढं मुख्याध्यापक झाला, निवृत्त झाला, आणि शाळेच्या आवारातल्या घरातून पूर्वीसारखाच मैदानावर येत राहिला.

आणि मग डेव्हिड रुडिशा. तो या शाळेचा विद्यार्थी नव्हे, जवळच्या किमुरोन शाळेचा. पण पोरगं ब्रदरच्या हाताखालचं. त्याचे वडील डॅनिएल 1968 च्या ऑलिंपिकमध्ये 4 बाय 400 रिलेत रौप्य मिळवून आले होते, म्हणून मुलगाही 400 मीटर धावायचा. ओ'कॉनेलनं त्याला 800 धावून बघ म्हटलं. 2006 मध्ये तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता होता. 2010 च्या ऑगस्टमध्ये त्यानं एका आठवड्याच्या अंतरानं दोनदा विश्वविक्रम केला: बर्लिनला 1:41.09, रिएतीला 1:41.01. ज्याचा विक्रम मोडला, तो विल्सन किपकेटर. म्हणजे धाकट्यानं थोरल्याचा मोडला, आणि विक्रम घरातच राहिला.

9 ऑगस्ट 2012 ची लंडनची शर्यत पुन्हा पाहावी. साधारणपणे 800 मीटरला सगळे एकमेकांच्या आडोशानं धावतात, वारा दुसऱ्याला खाऊ देतात, शेवटच्या वळणावर बाहेर पडतात. रुडिशा बंदुकीच्या आवाजापासून पुढे. पहिले 400 मीटर 49.28 सेकंदांत. मागे कोण आहे हे बघायला मान वळली नाही. दमल्यावर खांदे वर चढतात, असं म्हटलं ना? शेवटच्या शंभर मीटरला त्याच्या खांद्यांकडे बघा. ते जागेवर आहेत. 1 मिनिट 40.91 सेकंद. मैदानाच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या माणसानं काय शिकवलं, ते त्या खांद्यांवरून कळतं.

मात्र दर नोव्हेंबरला फॉर्म फोरची, म्हणजे शेवटच्या वर्षाची, मुलं शाळेबाहेर पडतात, त्यांतल्या बहुतेकांच्या नावाचं झाड लागत नाही. कोणी जिल्ह्यापर्यंत धावतो, कोणी घोट्याच्या दुखण्यानं थांबतो, कोणी शेतीला लागतो, कोणी शिक्षक होतो. आता गावात मोठमोठी सराव शिबिरं झाली आहेत. परदेशी हौशी धावपटू येऊन राहतात. केनियाच्या धावण्यावर उत्तेजकांचं सावट आलं, त्यातून हे गावही सुटलेलं नाही. शाळेतून थेट ऑलिंपिकला जाणारी वाट पूर्वीइतकी सरळ उरलेली नाही.

तरी त्या शाळेकडे बघताना मला सारखा आपला तो पिवळा पडलेला कागद आठवतो. तो लिहिणाऱ्या कारकुनाचाही दोष नाही. एवढी पोरं, एवढे रकाने, दुपारी तीनची बस. पण खिडकीबाहेर बघणारा मुलगा काय बघत होता, हे एखाद्या सरांनी चार वर्षं निरखलं असतं, तर त्यांनी शेऱ्यात काहीतरी निराळं लिहिलं असतं. झाड लावायला जागा नसली तरी एक ओळ मावेल, एवढी जागा त्या कागदावर असते.