जतन कलेचे आणि भाषेचे

लोककलांचे जतन झाले पाहिजे, याविषयी सहसा दुमत नसते. मतभेद सुरू होतात ते जतन म्हणजे नेमके काय, या प्रश्नापाशी. आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, केरी परगण्यातील ट्रली या गावी ‘शीम्सा तीरा’ हे राष्ट्रीय लोकरंगमंदिर आहे. या संस्थेने दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे.

संस्थेचे प्रवर्तक फादर पॅट अहर्न हे कॅथलिक धर्मगुरू. पण त्यांचे बालपण शेतावर गेले होते. लोणी घुसळणे, धान्य झोडपणे, छपरे शाकारणे या श्रमांच्या लयीवर केरीच्या खेड्यांतील जीवन चालत असे. यंत्रे आली आणि ही कामे मागे पडली. १९६० च्या दशकात अहर्न यांनी स्थानिक हौशी गायक-नर्तकांना एकत्र आणले आणि तेच श्रम गीत, नृत्य व मूकाभिनय यांच्याद्वारे रंगमंचावर उभे केले. १९७४ साली या धडपडीला संस्थेचे रूप आले. १९७६ मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जाऊन आली. १९९१ मध्ये ट्रलीच्या उद्यानात संस्थेचे आजचे नाट्यगृह उघडले. त्याची घडण केरीतील प्राचीन वर्तुळाकार दगडी कोटांची आठवण करून देते.

परंतु संस्थेचे खरे बळ वास्तूत नाही, शिक्षणात आहे. १९७० च्या दशकातच फिनूग या खेड्यात तिने जुन्या ग्रामीण घराच्या धर्तीवर प्रशिक्षणगृह उभारले. उत्तर केरीत गावोगाव फिरून नृत्य शिकविणारे जेरेमाया मॉलिनॉ यांचे पदन्यास येथे नव्या पिढीच्या पायांत उतरले. परिसरातील मुले वर्षानुवर्षे शिकतात आणि त्यांतूनच पुढचे कलावंत घडतात. वस्तुसंग्रहालयात वस्तू टिकतात. कला टिकते ती शिष्यपरंपरेत.

असे असले तरी एक प्रश्न उरतोच. या प्रयोगांत संवादांना फारसे स्थान नाही. गाणी आयरिश भाषेत असली तरी कथा हावभावांतून उलगडते. म्हणूनच परदेशी पर्यटकही त्यांचा आस्वाद घेऊ शकतो. पण मग भाषेचे काय? २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येत असल्याचे नोंदविले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र सुमारे ७२ हजारच होते. शब्दांवाचून समजणारी कला भाषेचा ऱ्हास थांबवू शकत नाही.

हा दोष रंगभूमीच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. घरात आणि व्यवहारात जी भाषा बोलली जात नाही, तिला रंगमंच किती काळ आधार देणार? रंगभूमी स्मृती जागी ठेवू शकते, पुढच्या पिढीला तिची ओढ लावू शकते. त्यापुढचे काम समाजाचे आहे. प्रेक्षागृहात टाळ्या वाजवून त्या जबाबदारीतून कोणालाही मोकळे होता येणार नाही.