वऱ्हाडातला खेकडा समुद्रातून येत नाही

"खेकडे अन् झिंगे म्हणजे समुद्राचा माल," असं अकोला-अमरावतीत सगळेच धरून चालतात. आठवडी बाजारातल्या सुकटीपुरतं ते खरंही आहे. पण मेळघाटात सिपना किंवा गडगा नदीच्या पात्रातला एखादा दगड उलटवून बघा. खालून आडवा पळणारा खेकडा पक्का स्थानिक असतो. त्याच्या कैक पिढ्यांनी समुद्र पाहिलेला नाही. गोड्या पाण्यातच जन्मून तिथेच मरणाऱ्या खेकड्यांच्या जगात १३०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, एकट्या भारतात शंभरावर. दख्खनच्या अशा एका खेकड्याचं शास्त्रीय वर्णन तर १८३६ सालीच छापून आलं. नमुने जमवणारे होते मुंबई इलाख्यातले कर्नल साईक्स.

खरी गंमत त्यांच्या पिल्लांत आहे. समुद्री खेकड्याची अंडी फुटली की बारीक अळ्या लाटांवर तरंगत कुठल्या कुठे जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात ही अळीची अवस्थाच नाही. मादी मोजकी, मोठी अंडी पोटाखालच्या रुंद झाकणाआड धरून ठेवते आणि त्यांतून थेट ज्वारीच्या दाण्याएवढे पूर्ण घडलेले खेकडे बाहेर पडतात. ते फार लांब जात नाहीत. त्यामुळे एका डोंगरावरची जात शेजारच्या डोंगरावर असेलच असं नाही. २०१६ मध्ये समीरकुमार पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी सह्याद्रीतल्या पाच नव्या जाती एकाच शोधनिबंधात मांडल्या, त्यामागचं एक कारण हेच. किनाऱ्यावर चार बंदरं फिरून पुष्कळ जाती हाती लागतात. इथे नाला न् नाला धुंडाळावा लागतो, तोही पावसाळ्यात, बहुधा रात्री बॅटरी घेऊन.

बरं, सापडलेला खेकडा रंगावरून ओळखता येतो, हाही गैरसमजच. एकाच जातीत तपकिरी, लालसर, जांभळट असे सगळे निघतात. अभ्यासक खेकडा उताणा करतो. पोटाखालची पट्टी रुंद असेल तर मादी, निमुळती असेल तर नर. ती पट्टी उचलली की नराचे जननाचे अवयव दिसतात आणि त्यांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जात ठरते. म्हणून प्रौढ नर मिळाला नाही, तर पुष्कळदा नाव देणंच अडतं.

उन्हाळ्यात खेकडे मरतात अन् पहिल्या पावसात नवे येतात, असंही सर्रास सांगितलं जातं. ते असतात बिळातच, ओल लागेल इतक्या खोल. कल्ले ओले राहिले की हवेवरही त्यांचं भागतं.

या बिळांनी त्यांना एकदा आरोपीही केलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. खेकडे मातीचा बांध पोखरतात, हे खरं आहे. पण बीळ दिसलं की बुजवणं आणि गळती लागली की दुरुस्ती करणं माणसाचं काम. त्याचा जाब खेकड्याला काय विचारायचा?

झिंग्यांचं थोडक्यात. सुकटीतला जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं नव्हेत. तो स्वतंत्र जीव आहे आणि पूर्ण वाढूनही बोटाच्या दोन पेरांपलीकडे जात नाही. आणि पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात पाणी खारं आहे, म्हणून समुद्री झिंगे आपोआप वाढतील, हेही चुकीचं. भूजलातल्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं. हरियाणात खाऱ्या भूजलावर झिंगे पिकतात, पण पाणी तपासून, कमी पडणारं पोटॅशियम बाहेरून घालून.

शेवटचा समज सगळ्यात धोक्याचा: अशक्तपणावर कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खेकडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुफ्फुसात जाणारा एक परजीवी कृमी आहे. मणिपुरात त्याचे रुग्ण क्षयाचे समजून उपचार घेत राहिल्याच्या नोंदी आहेत. रस्सा करा, खुशाल ओरपा, पण खेकडा पूर्ण शिजू द्या.